पल्टेक धाटणीचा इक्वलायझर कोकणातल्या स्टुडिओत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत गेल्या काही वर्षांत गावोगावी छोटे स्टुडिओ उभे राहिले आहेत. भजने, जाखडीची गाणी, नमनातली पदे, दशावतारातले नाट्यसंगीत, कोळीगीते हे सारे मुंबईची वाट न धरता इथेच मुद्रित होऊ लागले आहे आणि त्याचे मिक्सिंग-मास्टरिंगही (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणे आणि तयार गाण्यावर अखेरचा हात फिरवणे) इथेच होते. असे काम करणाऱ्यांकडून जुन्या, पल्टेक धाटणीच्या इक्वलायझरविषयी (आवाजातला खर्ज, मधला किंवा वरचा भाग कमी-जास्त करणारे उपकरण) जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती हार्डवेअर आणि प्लगइन (संगणकावरचे सॉफ्टवेअर) अशा दोन्ही रूपांना लागू आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

जुन्या धाटणीचा इक्वलायझर म्हणजे नेमके काय?

आज संगणकावरच्या इक्वलायझरमध्ये कोणतीही वारंवारता निवडता येते, वक्राची रुंदी (त्या वारंवारतेच्या आजूबाजूचा किती भाग बदलावा ते) हवी तशी ठेवता येते आणि झालेला बदल पडद्यावर आलेखाच्या रूपात दिसतो. ही मोकळीक पॅरामेट्रिक पद्धतीमुळे आली. ध्वनी अभियंते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी त्या पद्धतीवरचा निबंध १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडला होता. त्याआधीच्या उपकरणांमध्ये ठरावीक वारंवारतांचे मोजके टप्पे असत आणि त्यांतूनच निवड करावी लागे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील पल्स टेक्निक्स या कंपनीने १९५० च्या दशकापासून पल्टेक या नावाने जे इक्वलायझर बनवले, ते या घराण्यातले सर्वांत नावाजलेले. त्यांतल्या ईक्यूपी-१ए या मॉडेलमध्ये खालच्या भागासाठी २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ, वरचा भाग उचलण्यासाठी ३, ४, ५, ८, १०, १२ आणि १६ किलोहर्ट्झ, तर वरचा भाग उतरवण्यासाठी ५, १० आणि २० किलोहर्ट्झ एवढेच टप्पे आहेत. आज बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून मिळणारे बहुतेक ट्यूब (व्हॉल्व्ह) इक्वलायझर आणि प्लगइन याच आराखड्यावर बेतलेले असतात.

त्याच्या आत काय घडते?

या इक्वलायझरचा गाभा पॅसिव्ह असतो. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या जाळ्यातून सिग्नल जातो आणि त्या जाळ्यात कोणताही ॲम्प्लिफायर नसतो. पॅसिव्ह मंडल स्वतः काहीही वाढवू शकत नसल्यामुळे ते आधी सगळा सिग्नल सुमारे १६ डेसिबलने खाली आणते आणि आपण बूस्टचा (उचल देणारा) नॉब फिरवला की त्या वारंवारतेची घट तेवढी कमी होते. गेलेली पातळी भरून काढण्याचे काम पुढच्या ट्यूब ॲम्प्लिफायरकडे असते. मूळ रचनेत त्यासाठी १२एएक्स७ आणि १२एयू७ या ट्यूब वापरल्या आहेत, आणि आत येताना व बाहेर जाताना सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून जातो. म्हणूनच सगळे नॉब शून्यावर असतानाही उपकरण साखळीत घातले की आवाज किंचित बदलतो: ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर आपल्या परीने थोडे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या वारंवारता) मिसळतात. कित्येकांना आवडतो तो हाच बदल, आणि त्याचे श्रेय मात्र ते वक्राला देऊन मोकळे होतात.

नॉबवर डेसिबल का लिहिलेले नसतात?

मूळ उपकरणावर शून्य ते दहा असे आकडे आहेत आणि एका आकड्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखाच डेसिबल असा होत नाही. वरच्या भागात बँडविड्थ (वक्राची रुंदी) ‘शार्प’कडे असेल तर शिखर उंच येते, ती ‘ब्रॉड’कडे नेली की त्याच आकड्यावर उचल कमी मिळते आणि ती दूरवर पसरते. आकड्यापेक्षा कानाने ठरवावे हे यातून ओघानेच येते, पण त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. ध्वनीची पातळी थोडी जरी वाढली तरी आपल्याला खर्ज आणि वरचा भाग अधिक भरदार ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. बूस्ट केल्यावर एकूण पातळी वाढतेच, त्यामुळे बायपास करून (उपकरण वगळून) तुलना करताना आउटपुट तेवढेच खाली आणले नाही तर प्रत्येक बूस्ट चांगलाच वाटणार. हे एक पथ्य पाळले तर निम्मे बूस्ट आपोआप मागे घेतले जातात, असे आमचे ठाम मत आहे.

एकाच वारंवारतेला बूस्ट आणि अटेन्युएशन (घट) एकाच वेळी देतात, ते का? एकाने दुसरे खोडले जात नाही का?

पूर्णपणे खोडले जात नाही, कारण दोन्ही नॉबचे वक्र एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. बूस्टचा वक्र खाली राहतो आणि अटेन्युएशनचा परिणाम त्याच्यापेक्षा वरपर्यंत पसरतो. दोन्ही एकत्र दिले की तळाशी उभार येतो आणि त्याच्यावर, खालच्या मध्यम पट्ट्यात, एक उतार तयार होतो. तळ भरतो आणि गढूळपणा कमी होतो, म्हणून किक ड्रमवर आणि बेस गिटारवर ही युक्ती जगभर वापरली जाते.

आपल्याकडच्या संगीतात ती डोळे मिटून वापरू नये. भजन गाणाऱ्या बुवांची पट्टी काळी एक असेल तर मध्य सप्तकातला षड्ज सुमारे २७७ हर्ट्झवर आणि मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, सुमारे १३९ हर्ट्झवर येतो. अटेन्युएशनचा उतार नेमका त्या दोहोंच्या परिसरात पडला तर हार्मोनियमचा आधार आणि गळ्याचा गाभा दोन्ही पातळ होतात, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त बुवांचा गळा आज लागला नाही असे वाटते. अशा वेळी युक्ती पूर्ण मिक्सवर न वापरता पखवाजाच्या ट्रॅकपुरती ठेवावी.

भजनाच्या मिक्समध्ये सुरुवात कुठून करावी?

सिंधुदुर्गातल्या भजनात पखवाज, हार्मोनियम, टाळ-झांज, बुवांचा आवाज आणि मागे कोरस एवढा मेळ असतो. हे बहुधा देवळाच्या सभामंडपात एकत्र वाजते आणि प्रत्येक माइकमध्ये इतर सगळे थोडेथोडे शिरलेले असते. त्यामुळे एका ट्रॅकवर केलेला मोठा बदल दुसऱ्या वाद्यालाही लागतो. इथे रुंद वक्राचा आणि थोड्या फिरवण्याचा इक्वलायझर खरोखर उपयोगी पडतो, कारण झांज कमी करण्यासाठी अरुंद, खोल कट केला की तो बुवांच्या शब्दांनाही बसतो.

पखवाजापासून सुरुवात करावी. डाव्या तोंडाला कणीक किती लावली आहे आणि ती कार्यक्रमाच्या ओघात किती सुकली आहे, यावर त्याचा खर्ज ठरतो. कणीक सुकत गेली की स्वर चढतो. म्हणजे पहिल्या गजराला जे सेटिंग शोभले ते तासाभरानंतरच्या गौळणीला शोभेलच असे नाही. ६० हर्ट्झचा टप्पा घेऊन बूस्ट दोन-तीनपर्यंत न्यावा, मग १०० घेऊन ऐकावे. ज्या टप्प्यावर डाव्या हाताचा ‘धा’ अंगावर येतो पण घुमत राहत नाही, तो ठेवावा. उजव्या तोंडावरच्या शाईचा टणत्कार माइकच्या जागेवर अवलंबून असतो. तो इक्वलायझरने आणण्याची आशा धरू नये.

हार्मोनियमला या इक्वलायझरची गरज क्वचितच भासते. तिचा नाकातला, टोचणारा भाग कमी करायचा असेल तर त्यासाठी पल्टेकचे मधल्या पट्ट्यासाठीचे वेगळे मॉडेल, एमईक्यू-५ आहे. ते हाताशी नसल्यास साधा पॅरामेट्रिक घ्यावा.

बुवांच्या आवाजासाठी ३ किंवा ४ किलोहर्ट्झ, बँडविड्थ पूर्ण ब्रॉड आणि थोडासाच बूस्ट दिला की शब्द पुढे येतात. डबलबारीत (दोन बुवांच्या सवाल-जवाबाच्या भजनात) तर शब्दच सर्वस्व असतात; समोरच्या बुवांना दिलेले उत्तर ऐकू आले नाही तर रंग काय राहिला? झांज डोक्यात जात असेल तर ओव्हरहेड (वरून लावलेल्या माइकच्या) किंवा कोरसच्या ट्रॅकवर १० किलोहर्ट्झचे अटेन्युएशन द्यावे. ते शेल्फ पद्धतीचे (त्या टप्प्यापासून वरचा सगळा भाग उतरवणारे) असल्यामुळे झांजेची धार उतरते आणि तिचा ठेका मात्र राहतो.

या इक्वलायझरने पंख्याची घरघर किंवा जनरेटरचा आवाज काढता येतो का?

मूळ आराखड्यात हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचा भाग कापणारा) नाही, तेव्हा त्यासाठी आधी वेगळा हाय-पास लावावा आणि त्यानंतर हा इक्वलायझर ठेवावा. क्रम उलटा झाला तर आपण आधी घरघर वाढवतो आणि मग ती कापत बसतो.

पत्र्यावर वाजणारा पाऊस कोणत्याही इक्वलायझरने निघत नाही, कारण तो जवळजवळ सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. गाजेचेही तसेच. मुद्रणाची वेळ बदलावी.

आमच्या स्टुडिओत मिक्स भरदार वाटते आणि गाडीत ऐकले की खर्ज गायब होतो. इक्वलायझर चुकीचा आहे का?

बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो आणि या इक्वलायझरच्या बाबतीत तो फार नेमकेपणाने आडवा येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचे अंतर असेल तर त्या खोलीची पहिली स्थिर लहर सुमारे ५६-५७ हर्ट्झवर येते, म्हणजे जवळजवळ ६० हर्ट्झच्या टप्प्यावरच. भिंतीलगत बसून ऐकले तर ती वारंवारता फुगलेली ऐकू येते, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर ती नाहीशी होते. पहिला मनुष्य ६० हर्ट्झ कमी देणार, दुसरा भरमसाट देणार, आणि दोघेही आपल्या कानांशी प्रामाणिकच असणार.

चिऱ्याच्या भिंतींना गिलावा असेल तर त्या खर्ज जवळपास जशाच्या तशा परत फेकतात. याउलट जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर, जिथे वरून उतरते छप्पर आणि फटी असतात, तिथे खर्ज बाहेर निसटतो आणि खालचा भाग अधिक खरा ऐकू येतो. अर्थात पावसात तिथे काम बंद ठेवावे लागते. कोपऱ्यांमध्ये जाड रॉकवूलचे बेस ट्रॅप (खर्ज शोषणारे खांब) उभे करणे, बैठक लांबीच्या बरोबर मध्यावर न ठेवणे आणि खर्जाचा प्रत्येक निर्णय चांगल्या हेडफोनवर पडताळणे, एवढे केल्याशिवाय महागडे इक्वलायझर घेऊ नये असाच सल्ला आम्ही देतो. पैसा थोडा असेल तर तो आधी खोलीवर लागला पाहिजे.

मास्टरिंगमध्ये किती फिरवावे?

अगदी थोडे. पूर्ण मिक्सवर एक-दीड डेसिबलचा रुंद बदलही स्पष्ट जाणवतो. त्याहून जास्त लागत असेल तर मिक्सकडे परत जावे. वरच्या भागात १२ किंवा १६ किलोहर्ट्झ, ब्रॉड, किंचित बूस्ट दिल्यास मोकळेपणा येतो, मात्र झांज असलेल्या गाण्यात हाच मोकळेपणा टोचू लागतो.

खालच्या भागाचा हिशोब वेगळा आहे. ऑनलाइन सेवा ज्या एककात पातळी मोजतात त्या एलयूएफएसच्या मोजणीत खर्जाला कमी वजन असते. तुम्ही ३० हर्ट्झला बूस्ट दिला तर मीटरचा आकडा फारसा हलत नाही, पण हेडरूम (कमाल पातळीपर्यंत उरलेली जागा) मात्र खाल्ला जातो आणि पुढचा लिमिटर (पातळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) जास्त राबू लागतो. गाण्यातला पखवाज अचानक आक्रसल्यासारखा वाटला तर तपास इथून सुरू करावा. शिवाय भजन ज्या कर्ण्यांवर आणि मोबाइलवर ऐकले जाणार आहे, ते ३० हर्ट्झ वाजवूच शकत नाहीत. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला आणते, तेव्हा केवळ मोठ्या आवाजाच्या हव्यासाने काही हाती लागत नाही.

स्टिरिओ कामासाठी दोन उपकरणे घेतल्यास आणखी एक अडचण येते. सलग फिरणाऱ्या नॉबवर डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळवणे कठीण असते आणि महिन्याभराने तेच सेटिंग परत लावणे त्याहून कठीण. मास्टरिंगसाठी बनवलेल्या आवृत्त्यांत म्हणूनच टप्प्याटप्प्याने फिरणारे स्विच असतात.

प्लगइन पुरेसे आहे की हार्डवेअर घ्यावे?

मिक्सिंगसाठी आजची चांगली प्लगइन पुरेशी आहेत. एका मिक्समध्ये ती हव्या तितक्या ट्रॅकवर लावता येतात, सेटिंग जतन होते, आणि जुलैतल्या दमट हवेत त्यांना काही होत नाही. ओव्हरसॅम्पलिंगची (आतली गणना जास्त सॅम्पल रेटने करण्याची) सोय असेल तर ती चालू ठेवावी. त्यामुळे सर्वांत वरच्या भागातले वक्र मूळ उपकरणाच्या अधिक जवळ जातात. गाणे मुद्रित होत असताना मात्र ती बंद ठेवणे बरे, कारण तिच्यामुळे विलंब वाढू शकतो.

हार्डवेअरचा खरा फायदा मुद्रणाच्या वेळी आणि अखेरच्या स्टिरिओ मिक्सवर मिळतो. मोजके नॉब असल्यामुळे निर्णय लवकर होतो आणि डोळे पडद्यावरून हटून कान जागे होतात. ज्याच्याकडे ऑडिओ इंटरफेसला (संगणकात ध्वनी नेण्या-आणण्याचे उपकरण) दोन रिकामे लाइन आउटपुट आणि दोन लाइन इनपुट आहेत, खोली नीट झाली आहे आणि कामही नियमित येते, त्याने ते अवश्य घ्यावे.

हार्डवेअर जोडल्यावर वरचा भाग विचित्र टोकदार वाटतो. काय असावे?

जुन्या पद्धतीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुढे ६०० ओहमचा भार असेल असे गृहीत धरून बनवलेला असू शकतो, आणि आजच्या इंटरफेसचा लाइन इनपुट बहुधा १० किलोओहम किंवा त्याहून अधिक असतो. भार हलका पडल्याने वरच्या टोकाला उभार येऊ शकतो. उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत टर्मिनेशनचा (अशा भाराच्या जोडणीचा) उल्लेख आहे का ते पाहावे. असेल तर आउटपुटवर आडवा ६०० ओहमचा रेझिस्टर जोडून घ्यावा. नवीन बनावटीच्या कित्येक उपकरणांत याची गरज नसते.

नीव्ह किंवा एपीआय या कंपन्यांच्या धाटणीचे इक्वलायझर यापेक्षा कसे वेगळे?

नीव्ह १०७३ हे १९७० चे मॉड्यूल ट्रान्झिस्टरवर चालते. त्यात माइक प्रीॲम्प, १२ किलोहर्ट्झचा ठरावीक हाय शेल्फ, मधला पट्टा आणि हाय-पास फिल्टर असे सगळे एकत्र आहे, त्यामुळे गळ्याच्या मुद्रणाला ते सोयीचे पडते. एपीआय ५५०ए मध्ये जितका जास्त बूस्ट तितका वक्र अरुंद होतो, म्हणून ढोल-ताशाच्या थापेवर तो उठून दिसतो. पल्टेक धाटणीचा गुण रुंद, सावकाश चढणाऱ्या वक्रात आहे. एकच घ्यायचा असेल आणि काम मुख्यतः मास्टरिंगचे असेल, तर आम्ही पल्टेक धाटणी सुचवू.

पावसाळ्यात उपकरणाची काळजी कशी घ्यावी?

कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीच असते. त्यात समुद्राजवळ मीठही हवेत येते. या दोहोंचा पहिला घाव स्विचच्या संपर्कांवर, पोटेन्शिओमीटरवर आणि जॅकवर बसतो. नॉब फिरवताना खरखर येणे, एक बाजू मध्येच क्षीण होणे, टप्पा बदलल्यावर आवाज न येणे ही त्याची लक्षणे आहेत. गणपतीच्या आधी, म्हणजे कामाची गर्दी ऐन भरात असताना, ती हमखास दिसतात.

पावसाळाभर दर दोन-तीन दिवसांनी उपकरण तासभर चालू ठेवावे. ट्यूबची ऊब आतला दमटपणा घालवते. चोवीस तास चालू ठेवण्याचे कारण नाही, त्याने ट्यूबचे आयुष्य घटते. उपकरण बंद आणि प्लग काढलेला असताना आठवड्यातून एकदा प्रत्येक स्विच आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवावा, म्हणजे संपर्कांवर थर साचत नाही. रॅक बंद ठेवण्याजोगी असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की त्या सुकवून घ्याव्यात. खोलीत एसी असेल तर तो बंद केल्या केल्या खिडक्या उघडू नयेत. थंड धातूवर बाहेरची ओली हवा आली की लगेच दव धरते. घरच्या डब्यातले तेल किंवा गंज सोडवणारा कोणताही स्प्रे आत मारू नये, इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीचा क्लीनरच वापरावा.

विजेच्या चढउताराचे काय?

ट्यूबच्या फिलामेंटला मिळणारा दाब ठरलेल्या मापाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत राहायला हवा. संध्याकाळी दाब खूप उतरत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर लावावा. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचाच हवा, कारण चौकोनी लहरीवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण मुद्रणात उतरते. परदेशातून आणलेल्या उपकरणावरचा व्होल्टेजचा स्विच २३० वर आहे का, हे प्लग लावण्यापूर्वी पाहावे.

सतत ५० किंवा १०० हर्ट्झचा हम येत असेल तर अर्थिंगकडे बघावे. कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. वायरमनकडून तो मोजून घ्यावा आणि खड्ड्यात नियमित पाणी घालावे. हम जावा म्हणून अर्थची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग भिंतीतून काढावा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही सोडवावी.

उपकरण स्वतः उघडून ट्यूब बदलता येते का?

ट्यूब ॲम्प्लिफायरच्या आत काहीशे व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात. ज्याला ते सुरक्षितपणे रिकामे करण्याचा सराव नाही, त्याने झाकण उघडू नये. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे कोणी अजून काम करत असतील तर त्यांना अवश्य गाठावे; हे मंडल त्यांच्या हाताला परिचयाचे असते. ट्यूब बदलण्याची वेळ आली हे फुसफुस वाढणे, टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद येणे किंवा दोन बाजूंच्या पातळीत फरक पडणे यावरून कळते. स्टिरिओ जोडीत दोन्ही बाजूंच्या ट्यूब एकदमच बदलाव्यात.

जुने, वापरलेले उपकरण घेताना काय तपासावे?

किनाऱ्यालगत वापरलेले असेल तर आधी मागच्या बाजूचे स्क्रू आणि जॅक पाहावेत. तिथे हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आतही तो असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर ओळखीचे एखादे मुद्रण वाजवून प्रत्येक वारंवारतेचा टप्पा एकेक करून ऐकावा, कारण एखादी कॉइल तुटलेली असली तरी उरलेले टप्पे व्यवस्थित चालतात आणि घाईत ते लक्षात येत नाही. उपकरण किमान अर्धा तास तापू द्यावे आणि मग पुन्हा ऐकावे. विकणारा तेवढा वेळ देत नसेल तर व्यवहार करू नये.